खिडकीवरचं शस्त्रागार

६ जानेवारी

जमलं! आज बाबांनी कपाटं उपसली नाहीत, दाराला धडका दिल्या नाहीत, माझ्यावर डोळे वटारले नाहीत. दिवसभर शांत.

गेले दोन महिने रोज सकाळी एकच तमाशा. उठले की गणवेश शोधायचा, तो नाहीच. मग रिव्हॉल्वर शोधायचं. "माझं हत्यार कुठाय? ड्युटीवर जायचंय मला." बाबा, तुम्ही रिटायर झालात, आता हवालदार नाही आहात, घरी असता — सांगून सांगून माझा घसा बसला. ते असे बघायचे की चोर मीच, आणि हत्यारही मीच पळवलंय. मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांना हल्ली आठवत नाही. बोलतात नीट, अहो-जाहो करतात, पण कुणा परक्याशी बोलावं तसं.

तर आज सकाळी माझंही टाळकं सटकलं. हवंय ना हत्यार? घ्या. मागच्या खोलीत माझा कारखाना आहे. सिनेमा-मालिकांसाठी खोटी पिस्तुलं बनवायचा. भिंतभर हत्यारं टांगलेली. त्यातलं रबराचं एक रिव्हॉल्वर उचललं. बाबा हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, मध्ये ती ताटं सरकवायची खिडकी. तिच्यातून पुढे केलं.

बाबांनी हात लावला नाही. खिशात चाचपलं, सदऱ्याचं एक तुटलेलं बटण काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "आधी टोकन घ्या," म्हणाले.

मग माझी ट्यूब पेटली. शस्त्रागाराची पद्धत! लहानपणी किती वेळा ऐकलीय. सकाळी खिडकीवर आपलं पितळी टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं. संध्याकाळी हत्यार जमा करायचं, टोकन परत घ्यायचं. त्याशिवाय घरी जायचं नाही. मी मुकाट्याने बटण उचललं, कपांच्या हुकाला दोऱ्याने अडकवलं आणि रिव्हॉल्वर दिलं. बाबांनी ते नळी जमिनीकडे करून घेतलं, कमरेला खोचलं, बाहेर फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. ड्युटी सुरू!

दिवेलागणीला परत खिडकीवर. रिव्हॉल्वर ठेवलं. "जमा. सहाच्या सहा." म्हणजे दिलेल्या सहाही गोळ्या परत, एकही उडाली नाही. रबराच्या ठोकळ्यात गोळ्या कुठल्या? पण मीही म्हणालो, "सहाच्या सहा." बटण दिलं. बाबा पोटभर जेवले आणि झोपले.

७ जानेवारी

आजही तसंच! ताईला फोन करून सांगितलं. ताई म्हणाली, "ते तर आहेतच, आता तूही वेडा झालास का रे डाकू?" पण हसली. बऱ्याच दिवसांनी फोनवर आम्ही दोघं रडलो नाही.

डाकू म्हणजे मी. पोलिसाच्या पोटी जन्मलो, लहानपणी साखरेचा डबा लुटायचो, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव.

११ जानेवारी

बाबा म्हणाले, "हे हत्यार हलकं लागतंय." बरोबर आहे. ते मारामारीच्या सीनचं, पडलं तरी कुणाला लागू नये असं बनवलेलं.

मग काय, बसलो. बाबांच्या काळातल्या पोलिसी रिव्हॉल्वरचा साचा माझ्याकडे होता. त्यात रबर ओतलं, आतून शिशाचे तुकडे भरले. मुठीला लाकडाचा रंग, त्यावर मेण. नळीला काळा रंग देऊन वरून ग्राफाइटची पूड बोटाने घासली. लोखंडाला येतो तो थंड निळसर काळेपणा आला. कडा जरा झिजवल्या, कमरेच्या पट्ट्याला घासून झिजतात तशा. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कुठल्या हिरोसाठी केलं नाही. टेबलावर ठेवून लांबून बघितलं, माझं मलाच कळेना खरं की खोटं.

जुन्या नळाच्या पितळेची चकती कापून टोकनही केलं. नंबर काय घालू? बाबांना विचारलं. "चारशे सतरा. नंबर पण विसरलात? शस्त्रागारवाले, तुमचं काही खरं नाही."

मुलगा आठवत नाही, टोकनचा नंबर आठवतो. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

१६ जानेवारी

आज गुरुवार, म्हणजे आमची मालिका. यातली सगळी हत्यारं माझी, म्हणून मी बघतो. बाबा बघतात कारण समोर टीव्ही आहे.

इन्स्पेक्टर हिरोने लाथ मारून दार उघडलं आणि उघड्या दारात पाय फाकून उभा राहिला. बाबा म्हणाले, "गेला हा." मग त्याने पिस्तूल आडवं धरून धाड धाड सुरू केलं. "असं काय धरलंय? कुलूप उघडतोय का?" शेवटी हिरोने नळीच्या तोंडावर फुंकर मारली. बाबा उठूनच उभे राहिले. "तोंडाशी नेतोय! याला हत्यार दिलं कुणी?"

मी, बाबा. मीच दिलं.

त्यांना विचारलं, "तुम्ही कधी झाडली का हो गोळी? माणसावर?" बाबा म्हणाले, "कशाला?" एवढंच. जणू मी विचारलं होतं, तुम्ही कधी रस्त्यात उताणे झोपलात का. शाळेत मला याची लाज वाटायची. मित्र विचारायचे, तुझ्या बाबांनी किती गुंड मारले, आणि मला एकही आकडा सांगता यायचा नाही. मी थापा मारायचो. आता रोज संध्याकाळी "सहाच्या सहा" ऐकतो, आणि मला वाटतं, इतकी वर्षं रोज हे वाक्य म्हणून घरी आलेला माणूस आहे हा. छान वाटतं.

२० जानेवारी

सेटवर हिरोची तक्रार. पिस्तूल लहान दिसतं, छातीला शोभत नाही. "जरा दमदार काहीतरी बनव ना." म्हटलं, बनवतो. तोफ आणून देतो, ओढायला दोन बैल लागतील. सगळे हसले, हिरोही हसला. माणूस वाईट नाही, फक्त आरशात फार बघतो.

माझी सेटवरची पद्धत मात्र कुणासाठी बदलत नाही. आवाजाचं हत्यार असेल — म्हणजे खरं लोखंडी, ज्यात गोळी नसते पण दारू असते, जाळ आणि आवाज निघतो — तर ते माझ्या हातातून थेट नटाच्या हातात. देण्याआधी उघडायचं, त्याला दाखवायचं, समोरच्या नटाला दाखवायचं, मोठ्याने सांगायचं. गोळी नसली तरी जवळून त्या जाळाने डोळा जातो, जीवही जातो. लोक कंटाळतात, जांभया देतात. देऊ देत.

२५ जानेवारी

सुखाचे दिवस आहेत, लिहून ठेवतो. नाहीतर पुढे आठवणार नाहीत आणि मी उगाच म्हणत बसेन की फार हाल काढले.

सकाळी खिडकी, टोकन, हत्यार. बाबा म्हणतात, "काय शस्त्रागारवाले, झोप झाली का?" मी म्हणतो, "झाली, हवालदारसाहेब." चहा देतो. "शस्त्रागारात चहा? आमच्या वेळी नव्हता." पण पितात, दुसरा कपही मागतात. मग फाटकाशी ड्युटी. ठरलेलं आहे — फाटकाच्या बाहेर पाऊल नाही, आणि रिव्हॉल्वर सदऱ्याच्या आत, कुणाला दिसायचं नाही. मी शूटिंगला गेलो की शेजारच्या काकू व्हरांड्यात बसून नजर ठेवतात. पोस्टमन सलाम ठोकतो. कुरिअरवाल्याला बाबा रोज ओळखपत्र विचारतात, आणि तो बिचारा रोज दाखवतो.

काकू म्हणाल्या, "चोर यायचे बंद झाले बघा." आधीही येत नव्हते. पण बाबांना केवढा आनंद झाला!

२९ जानेवारी

मोठी बातमी. पण जाऊ दे — मोठी होती, आता नाही.

दिग्दर्शकाचा फोन आला. तोच, ज्याच्या पहिल्या दोन सिनेमांना मी हत्यारं दिली होती. आता भला थोरला सिनेमा काढतोय. जुना काळ, पोलीस, दरोडेखोर, शंभरेक हत्यारं, सगळी हाताने बनवायची. सगळा विभाग माझ्या ताब्यात. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ? तूच ये." वीस वर्षं ज्या फोनची वाट बघितली तो हाच.

काम लांब आहे. सात-आठ महिने तिकडेच राहायचं.

नाही म्हणालो. तो म्हणाला, "लगेच नाही म्हणू नकोस, मी थांबतो." थांब हवं तर. माझं उत्तर बदलणार नाही. खिडकी कोण उघडणार सकाळी?

थोडा वेळ वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, बराच वेळ वाटलं. मग बाबा हत्यार जमा करायला आले आणि विसरलो.

३ फेब्रुवारी

बाबांनी आज माझी तपासणी घेतली. खिडकीच्या कट्ट्यावर धूळ. "शस्त्रागार असं असतं का?" फडकं घेऊन पुसलं. समाधान झालं नाही, स्वतः पुसलं.

१० फेब्रुवारी

अक्षर वाकडंतिकडं येतंय.

सगळं नीट लिहितो. काल संध्याकाळी मालिकेच्या कंपनीचं लोखंडी रिव्हॉल्वर घरी आणलं होतं. आजच्या सीनला तेच वाजवायचं होतं. आवाजाच्या काडतुसांची नवी खेप आली होती, ती गोळ्यांच्या फिरत्या चक्रीत घट्ट बसतात अशी तक्रार होती. म्हणून दोन भरून बघितली. तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन, "विचार केलास का?" वीस मिनिटं बोलत बसलो. रिव्हॉल्वर टेबलावर. त्याच टेबलावर बाबांनी जमा केलेलं रबराचं. फोन ठेवला, बाबांना जेवायला वाढलं, डोक्यातून गेलं.

सकाळी घाई. एक खिडकीतून बाबांना दिलं, एक पेटीत घातलं आणि सुटलो.

सेटवर हिरोसमोर उभा राहिलो. नेहमीप्रमाणे उघडून दाखवायला गेलो. चक्री उघडेना. जोर लावला. नळी वाकली.

रबर!

सगळे हसायला लागले. हिरो म्हणाला, "दादा, आज माझ्यावर भरवसा नाही वाटतं." म्हणजे भरलेलं बाबांकडे. सेटवर दहा वेळा उघडून दाखवणारा मी, घरी एकदाही उघडत नव्हतो — रबराचं काय उघडायचं! आणि फरक डोळ्यांना कळू नये म्हणून माझाच जीव मी ओतला होता.

तिथेच ओरडून सांगितलं, शूटिंग थांबवा, खरं हत्यार माझ्या घरी राहिलंय. स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. काकूंना फोन लावतोय, काकू उचलत नाहीत.

घरी पोचलो तर फाटकाशी रिकामी खुर्ची. काकू रस्त्याच्या कोपऱ्यावर. "मी मागे धावले रे, पण ते ऐकेनात. रागाने लाल झाले होते. ठाण्यात चाललोय म्हणाले."

ठाणं कोपऱ्यावर वळलं की आहेच. मी धावलो. आत गेलो.

बाबा बाकावर बसले होते. पाण्याचा पेला हातात. समोर टेबलापलीकडे इन्स्पेक्टरबाई. टेबलावर रिव्हॉल्वर, चक्री उघडी, नळी भिंतीकडे, दोन्ही काडतुसं बाजूला उभी करून ठेवलेली. शस्त्रागारात ठेवतात तशी.

बाई म्हणाल्या, "हे तुमचे वडील? बसा. पाणी प्या आधी." मग सांगितलं. बाबा दारात आले ते दोन्ही हात वर करून. रिव्हॉल्वर दोन बोटांत, तोंड जमिनीकडे. आत येण्याआधीच मोठ्याने म्हणाले, "हत्यार जमा करायला आलोय." बाई म्हणाल्या, "माझ्या तिघांनी तोवर पिस्तुलं काढली होती. तुमच्या वडिलांनी ओरडून सांगितलं म्हणून थांबले. नुसतेच आत आले असते तर..."

बाबांची तक्रार अशी होती : "शस्त्रागारवाल्याने न तपासता भरलेलं हत्यार दिलं. याची नोंद घ्या. माणूस चांगला आहे, नोकरीवरून काढू नका. समज द्या."

मला समज दिली! बाईंनी, बाबांच्या समोर, अगदी कडक आवाजात. मी खाली मान घालून उभा. बाबा मान डोलावत होते.

११ फेब्रुवारी

लोखंडी रिव्हॉल्वर ठाण्यात ठेवून घेतलंय. कंपनीची माणसं परवाने घेऊन गेली, माझा जबाब झाला. मालिकेने मला महिनाभर घरी बसवलंय. बरोबरच केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बसवलं असतं.

जबाब देऊन मी निघालो तेव्हा इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "रबराचंही आता बाहेर काढू नका. तुम्ही इतकं चांगलं बनवता, की समोरचा घाबरून गोळी घालेल. मालिका बघून रोज एखादं पोरगं खोटं पिस्तूल घेऊन पकडलं जातं इथे. आडवं धरून." मग जरा हसल्या. "तुमच्या वडिलांनी कसं धरलं होतं, ते माझ्या पोरांना दाखवायला हवं."

रबराचं रिव्हॉल्वर आज कापून टाकलं. करवतीने. वाईट वाटलं, मग नाही वाटलं.

आता उद्या सकाळी खिडकीवर काय देऊ? परत ती कपाटं, परत तो आरडाओरडा. भीती वाटतेय.

१२ फेब्रुवारी

खिडकी उघडली. बाबांनी टोकन ठेवलं. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, हत्यारं तपासणीला गेलीत. परवाच्या प्रकारानंतर." बाबा म्हणाले, "बरोबर. जायलाच हवीत. मग लाठी द्या."

लाठी! पडद्याची जाड दांडी काढून दिली. पडदा आता खिळ्यांवर आहे. बाबा ड्युटीवर. फाटकाशी ऊन खात बसलेत, कुरिअरवाल्याचं ओळखपत्र तपासतायत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. काकू म्हणाल्या, त्या दिवशी फाटकाशी बाबांनी रिव्हॉल्वर काढलं आणि आधी चक्री उघडून बघितली. म्हणजे त्यांना उघडून बघायची सवय होती. मग रोज? रबराची चक्री उघडत नाही. रोज उघडून बघत असतील तर रोज कळत असणार. की त्यांना काहीच कळत नाही आणि हात आपोआप चालतो? विचारलं तर म्हणाले, "चहा झाला का?"

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. येताना चेहरा असा, की मी दार उघडतानाच म्हणालो, "आत तर ये, मग मार."

मारलं नाही. पण बोलली. बरंच बोलली. "बाबांना पोलिसांनी गोळी घातली असती, डाकू. तुझ्या त्या खेळापायी." खेळ नाही म्हणालो. ती म्हणाली, मग काय आहे?

तिचं म्हणणं असं. तिचं घर मोठं, पुढे अंगण, भाऊजी रिटायर होऊन दिवसभर घरीच. बाबांना तिकडे नेते. मी सिनेमाला जावं. (दिग्दर्शकाचं तिला कुणी सांगितलं? काकूंनी!) "बेचाळीस वर्षांचा झालास. तुझं स्वतःचं काय?"

"माझं काय? मजेत आहे मी."

"हे मजेत?" तिने खिळ्यांवरच्या पडद्याकडे हात केला.

"हो, हेच."

आणि खोटं नव्हतं ते. सकाळी खिडकीवर ती टकटक ऐकली की मला बरं वाटतं. बाबांना मी आठवत नाही, पण शस्त्रागारवाला आठवतो. त्याच्याशी ते थट्टा करतात, त्याला रागावतात, त्याच्या बाजूने ठाण्यात रदबदली करतात. मुलगा म्हणून आमचं इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं. मी खोट्या बंदुका बनवतो याची त्यांना लाज वाटायची, ते गप्प बसायचे, मीही बसायचो. तिकडे नेलं तर हेही जाईल. नवं घर, नवी माणसं, खिडकी नाही. ते घाबरतील. हे सगळं ताईला सांगितलं.

ताई उठली, माझ्या डोक्यावर टपली मारली, चहा करायला गेली. तिकडून म्हणाली, "तू नाही म्हणत असशील तर मी ओढून नेणार नाही. पण मी बोलावलं होतं हे विसरू नकोस."

संध्याकाळी बाबा लाठी जमा करायला आले तर खिडकीत ताई. बाबांनी तिला नीट बघितलं आणि मला विचारलं, "या नवीन आल्या का?" ताई हसत हसत आत पळाली. आत जाऊन रडली असणार, नाक लाल होतं.

१७ फेब्रुवारी

ताई गेली. जाताना फ्रिजमध्ये आठवड्याचं जेवण ठेवून गेली. बाबा म्हणाले, "नवीन बाई कामाला चांगल्या होत्या. बदलून का पाठवल्या?"

१९ फेब्रुवारी

सुट्टीचा फायदा. बाबांना दुपारी कारखान्यात बसवलं. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडा कात्रीने कापायचं काम दिलं. काय स्वच्छ कापतात! एकेक पिस्तूल उचलून नळीतून बघतात, नाक मुरडतात, बाजूला ठेवतात. पाच नापास केली. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा हात बरा आहे. पण घाई करता."

बरा आहे म्हणाले! मी दुपारभर शीळ घालत होतो.

२० फेब्रुवारी

दिग्दर्शकाचा शेवटचा फोन. सेटवरची भानगड त्याच्याही कानावर गेलीय. मला वाटलं आता तोच नको म्हणेल. तर म्हणाला, "चूक झाली, पण सगळ्यांसमोर शूटिंग थांबवलंस ना. मला तसाच माणूस हवा. उद्या दुपारपर्यंत सांग, मग मी दुसरा बघतो."

मी स्वयंपाकघरात उभा राहून बोलत होतो. म्हणालो, "मनापासून यायचंय रे. आयुष्यभर याचीच वाट बघत होतो. पण बाबांना सोडून नाही येता येणार." मोठ्यानेच बोललो, फोनवर खरखर होती. तो म्हणाला, तरी उद्यापर्यंत थांबतो.

बाबा हॉलमध्ये मालिका बघत होते. आज हिरोने तीन माणसं मारली आणि बाबा एक शब्दही बोलले नाहीत. पेंगले असतील.

उद्या नाही सांगून टाकतो. निर्णय झाला की बरं वाटतं. लाठीला खालून रबर बसवायचंय, फरशीवर घसरते.

२१ फेब्रुवारी

सकाळी टकटक. बाबांनी टोकन ठेवलं. मी लाठी पुढे केली, त्यांनी घेतली नाही.

"हे टोकन कायमचं जमा करून घ्या," म्हणाले. "आणि वर सांगून माझी बदली करा, शस्त्रागारवाले. मुलीच्या गावाला. इथे घरी आमचा डाकू आहे. हातात कला आहे त्याच्या. माझ्यापायी अडकून पडलाय पोरगा."

मी टोकन उचललं. मान डोलावली.

बाबांनी मागे वळून बघितलं, हॉलमध्ये कुणी नाही ना. मग खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, "त्याला एवढ्यात सांगू नका. लगेच रडतो."